नकटा आणि महसीर : इंद्रायणीच्या दोन माशांचा इतिहास

दख्खनच्या नद्यांकडे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांनी दोन नजरांनी पाहिले : एक नोंद करणाऱ्याची, दुसरी गळ टाकणाऱ्याची. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मधून वाहणाऱ्या इंद्रायणीच्या इतिहासात या दोन नजरांचा परिणाम निरनिराळा झाला.

पहिली नजर विल्यम हेन्री सायक्स याची. मुंबई सरकारचा सांख्यिकी निवेदक म्हणून तो दख्खनभर फिरला आणि १८३९ मध्ये येथील माशांची वर्णने त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावे देताना त्याने पुष्कळदा स्थानिक बोलीतलेच शब्द उचलले. शिंगटी, अळकुट, कोळस हे शब्द इंग्रजी वळणाच्या लेखनात, पण ओळखू येतील असे, शास्त्रीय नावांत जाऊन बसले. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्याच सुमारास मराठी शब्दांचा हा दुसरा, इवलासा साठा लॅटिनच्या पोटात जमा होत होता.

त्यातलाच एक ‘नुक्ता’. तुंडावर ठळक उंचवटा असलेला हा मासा सायक्सने वर्णिला तो चाकणजवळच्या इंद्रायणीतून. चोचीवर असाच उंचवटा मिरवणाऱ्या बदकाला आपण नकटा म्हणतो, हे येथे सहज आठवते.

दुसरी नजर छंदिष्टांची. मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचा भारतातील गळमासेमारीवरचा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला आणि महसीर हा साहेबांचा मानाचा मासा ठरला. आकड्यावर दोरा व पिसे गुंडाळून कृत्रिम माशी बांधायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची, ही त्यांची विलायती कला. मराठीत मासा मत्स्यापासून आला, माशी मक्षिकेपासून. या छंदाने दोघांची गाठ घातली. सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे विलायतेत अशा माशा बांधण्यासाठी मोलाची मानली जात.

इंग्रज गेले, महसीरचा मान राहिला. इंद्रायणीच्याच वरच्या अंगाला, लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी, टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास सुरू केली. सायक्सनेच मुळा-मुठेतून वर्णिलेला ‘खुद्री’ महसीर तेथून देशभरच्या पाण्यांत गेला. तो कावेरीतही सोडला गेला आणि तेथील मूळच्या कुबडधारी महसीरच्या ऱ्हासाला त्याने हातभार लावला, असे संशोधक सांगतात. त्या कुबडधाऱ्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ मध्ये.

नकट्याच्या वाट्याला ना छंद आला, ना ग्रंथ, ना पैदास केंद्र. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहती चाकणपर्यंत पसरल्या, आणि आळंदीच्या घाटावर रासायनिक फेस दिसणे ही नित्याची बातमी झाली. नकटा आज आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

खेळाने ज्याला प्रतिष्ठा दिली त्याचे संवर्धन झाले, तेही दुसऱ्या नदीला महाग पडले. ज्याला केवळ नाव मिळाले तो नावापुरता उरण्याच्या वाटेवर आहे. ते नाव मात्र येथल्या बोलीतून गेलेले आहे. कोश चाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी कधीतरी हा लॅटिनमधला साठाही उघडून पाहावा आणि त्यातला कोणता शब्द अजून पाण्यात जिवंत आहे, याची विचारपूस करावी.