चौदा गाणी की अकरा?

इथे ओहायोत आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एक भांडण मी कित्येक वर्षं ऐकत आलोय. बीटल्सची खरी 'रिव्हॉल्व्हर' कुठली, चौदा गाण्यांची की अकरा? भांडणारा एक अमेरिकन, दुसरा इंग्रज, दोघंही निवृत्तीला टेकलेले. आणि दोघंही बरोबर, कारण १९६६ साली एकाच नावाच्या दोन वेगळ्या रेकॉर्डी निघाल्या होत्या.

आधी थोडं इंजिनिअरिंग. जुन्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही राग तेवढ्यातच मांडावा लागला. १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. बावीस मिनिटं म्हणजे ७३३ फेरे. बारा इंची तबकडीवरची ती खाच सरळ उलगडली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल! (हिशोब मी जेवताना पेपर नॅपकिनवर केला.) याहून जास्त कोंबायचं तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, मग आवाज दबतो आणि बेसचा जीव जातो.

पण चौदा गाणी म्हणजे पस्तीसच मिनिटं. ती आरामात मावत होती. अमेरिकेत कात्री लागली ती पैशासाठी. इथे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गाण्यागणिक मोजली जाई, ब्रिटनमध्ये अख्ख्या रेकॉर्डच्या किमतीवर. शिवाय कॅपिटॉल कंपनी उरलेली गाणी जमवून आणखी एक रेकॉर्ड विकायची. १९६६ चीच 'यस्टरडे अँड टुडे' अशीच जन्मली. तिच्यासाठी 'रिव्हॉल्व्हर'मधली तीन गाणी आधीच उचलली, आणि तिन्ही नेमकी जॉन लेननची. परिणाम असा की अमेरिकन 'रिव्हॉल्व्हर'वर जॉर्ज हॅरिसनची तीन गाणी आणि लेननची दोन! त्या अमेरिकनाने पोरवयात तीच झिजेस्तोवर वाजवली. त्याला ती 'कापलेली' आहे म्हटलं की राग येतो, आणि तो मला समजतो.

कारण कात्रीने एकदा भलंही केलंय. १९६५ च्या 'रबर सोल'मधून कॅपिटॉलने चार गाणी काढली आणि 'हेल्प!'मधली दोन घातली. ती सगळी मिळून एकसंध, लोकगीताच्या वळणाची रेकॉर्ड वाटू लागली. कॅलिफोर्नियात बीच बॉईजच्या ब्रायन विल्सनने ऐकली ती हीच. ती ऐकून त्याने १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' केली, आणि ती ऐकून मॅकार्टनी 'सार्जंट पेपर'च्या मागे लागला. १९६७ ची 'सार्जंट पेपर' मात्र दोन्ही देशांत त्याच तेरा गाण्यांची निघाली. १९८७ मध्ये सीडी आल्या त्या ब्रिटिश आवृत्त्यांवरून, आणि कागदोपत्री इंग्रज जिंकला.

मग १९६८ चा 'व्हाइट अल्बम': दोन तबकड्या, तीस गाणी, दीड तासाहून जास्त. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं मत होतं की निवडून एकच दमदार रेकॉर्ड करावी. कँटीनमध्ये हा विषय निघाला की जेवणाची सुट्टी पुरत नाही. मी मार्टिनसाहेबांच्या बाजूचा. पण कुठली गाणी गाळायची यावर दोन माणसांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

नवख्याला काय द्यावं? नाशिकहून भाचीने हेच विचारलं. लोक सहसा १९७३ चे लाल आणि निळा हे दोन संग्रह सुचवतात, किंवा २००० सालचा 'वन', ज्यात सत्तावीस हिट गाणी एका सीडीत ठासून बसवलीत. लाल संग्रह तर १९९३ मध्ये दोन सीडींवर विकला, तासाभराचा ऐवज एकीवर सहज मावत असताना. संग्रह वाईट नाहीत, पण त्यांत गाणी कळतात, माणसं कळत नाहीत. भाचीला मी ब्रिटिश 'रबर सोल' सांगितली. पस्तीस मिनिटांची आहे, नाशिकहून सिन्नर येईतो संपते. तिचं उत्तर आलं, "मामा, दुसरी बाजू आधी ऐकली तर चालेल ना?"