गगनबावड्यातील बंदूक आणि परवाना

गगनबावडा ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर असल्यामुळे तेथील शस्त्रांचा प्रश्न प्रथम कोल्हापूर संस्थानाच्या चौकटीत येत होता. १८७८ चा शस्त्र कायदा हा ब्रिटिश हिंदुस्थानचा, म्हणून संस्थानास तो थेट लागू नव्हता; संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाची खास तरतूद आहे: खऱ्या गरजेपोटी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरायचे हत्यार, मागणाऱ्यास परवाना द्यावा, आणि ती अपुरी वाटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता यावी. रानडुकरे जेथे ऊस व भात तुडवतात त्या घाटमाथ्यास ही तरतूद इतर कलमांहून जवळची होती. मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला मर्यादा पडली, कारण राधानगरीसारख्या अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकास वनखात्याकडे नोंदणी करावी लागते व नव्या परवान्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते.

नूतनीकरणाची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीस ठेवता येणारी हत्यारे तिनावरून दोनावर आली. अमेरिकेतील अनेक राज्यांप्रमाणे लपवून शस्त्र बाळगण्याचा वेगळा परवाना भारतात नाही. उलट २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेलेच असावे लागते.