पुरानंतरचा हंगाम

तुम्ही उतरता ते थेट पाण्यात. साल २०१९, महिना ऑगस्ट, गाव कोल्हापूर. जामदार क्लबचा रस्ता कुठं गेला ते कळत नाही, समोर नुसती पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. यंदा पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलंय. शिरोलीजवळ महामार्ग बंद आहे, शहरात पेट्रोलची बोंब. कमरेएवढ्या पाण्यातून एक पोरगा म्हातारीला पाठुंगळी घेऊन येतोय. "आज्जी, मान धर घट्ट, लाजू नको." अंगात तालमीची जर्सी, पाठीवर अकरा नंबर. पुराचा आणि फुटबॉलचा काय संबंध म्हणाल, तर हा पोरगा लेफ्ट विंगला खेळतो.

पुढं काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. बोलायचं मात्र नाही. या प्रवासाची अट तेवढीच.

पाणी ओसरतं. गणपती येतात, बरीच मंडळं खर्च आवरून पूरग्रस्तांना मदत देतात. ऑक्टोबरात विधानसभा होते आणि कोल्हापूर उत्तरमधून चंद्रकांत जाधव निवडून येतात. ते उद्योजक, पण पेठेत त्यांची ओळख फुटबॉलवेडा माणूस हीच. इथल्या चषकांची नावं वाचत गेलात तर शहराच्या राजकारणाची अर्धी यादी पाठ होते.

नोव्हेंबरात तुम्ही तालमीत शिरता. कुठल्या, ते सांगणार नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या पेठा पुढचं वाचायच्या नाहीत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावंच बघा. फुटबॉल संघ म्हणून कुणी 'तालीम मंडळ' नाव ठेवील का? शाहू महाराजांनी या गावाला कुस्तीचा नाद लावला, पेठापेठांतून तालमी घुमल्या, आणि मग त्याच पोरांच्या पायांत बॉल आला. समोर मारुती. त्याला नमस्कार करून आत आलं की लाल मातीचा हौद. माती अजून मऊ आहे, तिला हळद-ताकाचा वास आहे. हौदाच्या कठड्यावर मात्र अकरा जोड स्टॉकिंग वाळत पडलेत आणि खुंटीला लंगोटाशेजारी गोलकीपरचे ग्लोव्हज लटकलेत.

कोपऱ्यात चटई टाकून बैठक चाललीय. विषय एकच : नोंदणी. केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, कुणाचं नाव कोणत्या संघातून द्यायचं. एक चांगला स्टॉपर पलीकडच्या पेठेनं फिरवलाय म्हणे.

"जाऊ दे त्याला. मानधन वाढवून मागतोय."

"जाऊ दे कसं? त्याच्या आज्ज्यानं या हौदात माती उकरलीया!"

वर्गणीची वही उघडते. पानवाला, सोनार, फाउंड्रीवाला, परगावी नोकरीला गेलेला जुना सेंटर फॉरवर्ड. एवढ्यावर किट, बूट, नाश्ता, आणि नायजेरियाहून येणाऱ्या दोघांची राहण्याजेवणाची सोय. याला व्यावसायिक फुटबॉल म्हणावं का? माझ्या मते अर्धं. पैसे मिळतात, पण त्यावर घर चालत नाही. आपला अकरा नंबरवाला सकाळची पाळी उद्यमनगरात लेथवर काढतो. पूर्ण व्यावसायिक व्हायचं तर गाव सोडावं लागतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला आणि या हंगामात तो जमशेदपूरकडून आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, आहे. तालमीतली बारकी पोरं त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतात.

मग येतो सामन्याचा दिवस. इथं जरा बसा, घाई करू नका. शाहू स्टेडियम जिथं आहे तिथं पूर्वी रावणेश्वर तळं होतं. शेजारचं देऊळ त्याची खूण. दुपारच्या उन्हात पायऱ्या तापल्यात, लोक खाली वर्तमानपत्र घालून बसलेत. अर्धी गॅलरी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या, मधे पोलीस. हुल्लडबाजी हा या खेळाला लागलेला जुना रोग, आणि पेठेची ईर्षा म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्यांत मी नाही. खुर्च्या डोक्यात घालून कुठला चषक मिळत नाही.

तुमच्या शेजारी एक काका. पुडीतले शेंगदाणे तुमच्या हातावर न विचारता ठेवतात. "बॉल पायात ठेवू नको रं, सोड की!" हे ते अकरा नंबरवाल्याला सांगतात आणि तो ऐकू आल्यासारखा सोडतो. नायजेरियन स्ट्रायकर डोकं लावतो. बॉल बारच्या खालच्या कडेला लागून आत पडतो तो आवाज तुम्हाला ऐकू येतो, कारण त्या क्षणाला सगळी गॅलरी श्वास धरून असते. मग हलगी. स्ट्रायकर कुंपणाकडं धावत येतो, दोन्ही हात पसरतो आणि ओरडतो, "भावा!" एवढा एक शब्द त्याला शिकवलाय आणि तो पुरतो.

काका डोळे पुसतात. "मेपर्यंत असंच चालू राहिलं ना, यंदा दोन चषक आपलेच." तुम्ही शेंगदाणे चावत राहता. तोंडाशी आलेलं गिळता.

मार्च. १४ तारखेला गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलचा अंतिम सामना कोरोनामुळं रिकाम्या स्टेडियममध्ये होतो. एटीके चेन्नईयिनला ३-१ असं हरवतं. तालमीत टीव्हीपुढं पोरं बसलीत. "माणसं न्हाईत तर खेळायचं कुणासाठी?" अकरा नंबरवाला विचारतो. त्याचे बूट आजच शिवून आलेत, मोच्यानं टाच पक्की केलीय, म्हणजे हंगामभर बघायला नको.

२२ मार्चला रविवार आहे. जनता कर्फ्यू. स्टेडियमच्या दाराला कुलूप, खाऊगल्ली ओस. संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्यांतून, गच्च्यांवरून थाळ्या वाजू लागतात. तालमीच्या दारात काका हलगी घेऊन उभे राहतात आणि गोल झाल्यावर वाजवतात त्याच ठेक्यात वाजवतात.

२०१९-२० चा हंगाम पुरा झाला नाही.