आंतरजाल-व्यसन आणि बालपणीचा आघात

लहानपणी सोसलेला छळ, हेळसांड किंवा घरातली सततची धास्ती आणि किशोरवयात आटोक्याबाहेर जाणारा इंटरनेटचा वापर यांच्यातील संबंध. ‘व्यसन’ हा शब्द येथे काहीसा सैलपणे रुळला आहे. इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९९५ मध्ये इंटरनेट-व्यसन ही व्याधी चक्क थट्टेने मांडली होती. १९९६ मध्ये किंबर्ली यंग यांनी तिला गंभीर अभ्यासाचा विषय केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही सरसकट इंटरनेट-व्यसन नाही, गेमिंगचा विकार मात्र आहे.

आघात मोजण्यासाठी डेव्हिड बर्नस्टाइन व सहकाऱ्यांची २८ विधानांची प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात शारीरिक, लैंगिक व भावनिक छळ आणि शारीरिक व भावनिक हेळसांड असे पाच प्रकार येतात. यांतली भावनिक हेळसांड, म्हणजे मुलाच्या भीतीची वा दुःखाची घरात कोणी दखलच न घेणे, ओळखायला सर्वांत अवघड; तिचा वळ अंगावर उठत नाही आणि ‘आम्ही त्याला काही कमी पडू दिले नाही’ असे पालक प्रामाणिकपणेच सांगतात.

वडिलांच्या गाडीचा आवाज ऐकून आज घरात काय होणार याचा अंदाज बांधायला शिकलेल्या मुलाला खेळाच्या पडद्यावर ठरलेले नियम मिळतात, हरल्यास डाव पुन्हा मांडता येतो आणि अनोळखी का होईना, सोबतीही भेटतात. डॅनिएल कार्डेफेल्ट-विंथर यांनी २०१४ मध्ये अशा वापराला भरपाईचा वापर मानले, म्हणजे प्रत्यक्ष आयुष्यातली उणीव किंवा ताण हलका करण्यासाठी धरलेली वाट. तेव्हा फोन हिसकावून घेतला तरी त्यामागची उणीव तशीच राहते. मात्र बहुतेक पाहण्यांत आठवणीवर विसंबून एकदाच प्रश्न विचारलेले असल्याने आघात हेच कारण, असे त्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही.

केंद्र सरकारच्या २००७ च्या बालछळविषयक अहवालात, महाराष्ट्र व गोवा धरून १३ राज्यांतल्या पाहणीत, दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आढळले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातच्या भोंग्यानंतर दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा प्रघात सुरू झाला. तो उपचार नव्हे. पण त्या दीड तासात मोठ्या माणसांनीही फोन बाजूला ठेवायचा असतो, ही बाब हेळसांडीच्या संदर्भात लक्षणीय आहे.