कागदावरचे यंत्र आणि खोलीतले यंत्र

संगणकाच्या इतिहासात गणिती आधी आला की कारागीर, असे कोणी विचारले तर तारखांपुरते उत्तर सोपे आहे. ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली आपले कल्पित यंत्र कागदावर मांडले तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक कोठेच नव्हता. त्या यंत्राची फीत हवी तितकी लांब. ती संपत नाही आणि तिचे पैसेही कोणी मागत नाही! गणनेने काय सुटेल व काय कधीच सुटणार नाही, याची सीमा त्यांनी आखली. पण शेताची हद्द आखणे वेगळे आणि शेतात नांगर धरणे वेगळे.

नांगर धरण्याची वेळ १९४९ च्या मे महिन्यात आली. केंब्रिजचे एडसॅक यंत्र चालू झाले. त्याचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी सव्वाशे ओळींची एक आज्ञावली लिहिली. तीत चुकाच चुका. फितीला भोके पाडण्याच्या खोलीकडे जाता-येता जिन्यावर त्यांच्या ध्यानात आले की, उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका हुडकण्यात जाणार. गिरणीतल्या जॉबरला याचे नवल वाटले नसते.

त्याच जूनमध्ये केंब्रिजच्या परिषदेत ट्यूरिंग यांनी मोठी आज्ञावली तपासावी कशी, यावर छोटा निबंध वाचला. दृष्टांत बेरजेचा. नुसते उत्तर दिले तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका बैठकीत पुन्हा करावी लागते. एकेका रकान्याची बेरीज वेगळी लिहिली तर काम तुकड्यांत वाटता येते. तद्वत आज्ञावली लिहिणाराने ठिकठिकाणी ‘येथे अमुक खरे असले पाहिजे’ अशी नोंद करावी. हे तर दुकानातल्या रोजमेळीचे शहाणपण! निबंध मागे पडला. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ साली व टोनी होअर यांनी १९६९ साली तीच वाट नव्याने बांधली.

मग चुका संपल्या काय? क्रमवार यादीत नाव शोधण्याची जुनी रीत अशी: मधले नाव पाहावे, नको तो अर्धा भाग सोडावा, पुन्हा तसेच करावे. मधली जागा म्हणजे दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज भागिले दोन. जॉन बेंटली यांनी १९८६ च्या पुस्तकात हिची सिद्धता दिली. तरीही २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की, जावा भाषेच्या संग्रहातील, त्यांनी स्वतःच लिहिलेल्या या आज्ञावलीत सुमारे नऊ वर्षे चूक दडून होती. कागदावरील संख्येला अंत नाही. यंत्राच्या त्या खणात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही. बेरीज पुढे गेली की उणे होते. शंभर कोटींच्या वर नावे असल्याशिवाय ती तेथवर जातच नाही, आणि १९८६ साली तेवढी यादी बाळगणार कोण?

यावरून सिद्धता फोल ठरली, असे म्हणणारांशी आमचे जमत नाही. सिद्धता खोटी नव्हती. ती दुसऱ्याच यंत्राविषयी होती. नियमावर बोट ठेवून काम करण्याचा लढा ज्यांनी चालविला आहे त्यांना हे उमजेल. नियमपुस्तक तंतोतंत पाळले की कारखाना अडतो. पण ते पुस्तक नसेल तर अपघातानंतर मालकाला जाब कशाच्या आधारे विचारणार?

पुढे २०१५ साली युरोपातील काही संशोधकांनी त्याच संग्रहातील, यादी क्रमवार लावणाऱ्या आज्ञावलीची सिद्धता देण्याचा घाट घातला. सिद्धता जुळेना. शोध घेता चूक आज्ञावलीतच निघाली. वर्षानुवर्षांच्या वापरात ती कोणाला दिसली नव्हती. त्यांनी दुरुस्ती सुचविली, आणि दुरुस्त आज्ञावलीची सिद्धता मात्र पुरी झाली.