यादीतले सभासद आणि खुर्चीतले सभासद

बडोद्याच्या मराठी माणसाला मंडळ काढायला फार वेळ लागत नाही. चार जण ओट्यावर जमले की पाचवा पावतीपुस्तक छापून आणतो. आपल्या गणेशोत्सवांवर, वाचनालयांवर, नाट्यमंडळांवर पुष्कळ लिहून झालंय. आज मी जरा कोरड्या वाटणाऱ्या गोष्टीवर लिहितो : घर-जमिनीच्या व्यवसायातल्या लोकांच्या संघटना आणि त्यांच्या सभा. आर्किटेक्ट, इंजिनिअर, व्हॅल्युअर, बिल्डर यांच्या. बँकेत असताना या सभांना मी बरेचदा मागच्या रांगेत बसलोय, कधी आमंत्रण म्हणून, कधी साहेबांनी पाठवलं म्हणून. कोरडं काही नव्हतं तिथे. तुमच्या-माझ्या वडिलांच्या घराची कागदावर किंमत किती लागायची, हे त्या खुर्च्यांवर कोण येऊन बसतं आणि काय बोलतं यावर बऱ्याच अंशी ठरत होतं.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यात अन्योन्य सहायकारी मंडळी सुरू केली. सयाजीराव महाराजांचा काळ. सभासदांनी थोडे थोडे पैसे जमा करायचे आणि गरजेला त्यातूनच एकमेकांना कर्ज द्यायचं. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो 1904 साली, म्हणजे मंडळी निघाल्यानंतर 15 वर्षांनी. मधल्या काळात तिला धरून ठेवणारं काय होतं? रजिस्ट्रार नव्हता, तपासनीस नव्हता. सभासद एकमेकांना ओळखत होते आणि हिशेब विचारायला येत होते, एवढंच. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे शिकवत नाहीत, त्याला थेट कलमं शिकवतात.

घरांच्या बाबतीत हीच रीत पुढे मुंबईत दिसते. श्रीपाद सुब्राव तालमकी हे कानडा जिल्ह्यातून आलेल्या सारस्वत समाजातले गृहस्थ. मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या पांढरपेशा माणसाला परवडेल अशी जागा मिळत नव्हती. 1913 साली मुंबईत सहकारी घरबांधणीचा प्रचार करणारी संघटना उभी राहिली आणि 1915 साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. जागा आणि इमारती संस्थेच्या मालकीच्या. सभासद हा एकाच वेळी भागधारक आणि भाडेकरू. इंग्लंडातली पद्धत होती ही, पण गावदेवीत ती टिकली. जो भाडं देतो तोच सभेत बसून भाडं ठरवतो, त्यामुळे कोणी गैरहजर राहिलं तर नुकसान त्याच्याच खिशाचं.

आता धंदेवाईक मंडळींकडे येतो. 1917 साली जे. जे. स्कूलच्या आर्किटेक्चरच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत आपली एक संघटना काढली. पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार. 1929 मध्ये तिचं नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झालं. या संस्थेचं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे 1937 चं आयडियल होम प्रदर्शन. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरवलेलं. नव्या पद्धतीचं घर, स्वयंपाकघर, न्हाणीघर कसं असावं ते सामान्य माणसाला येऊन बघता आलं. सभासदांनी फक्त आपापसात भाषणं न करता दार उघडं ठेवलं, हे महत्त्वाचं. आर्किटेक्टचा कायदा त्यानंतर 35 वर्षांनी, 1972 मध्ये आला. आजही आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कौन्सिलची नोंदणी लागते. इन्स्टिट्यूटचं सभासदत्व मात्र ऐच्छिक आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या बडोद्यात आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंग शिकवणारं कलाभवन 1890 पासून होतंच. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच साली विद्यापीठ निघालं. कलाभवन त्यात गेलं. तिथून शिकलेले आणि सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले मराठी इंजिनिअर दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागात गल्लोगल्ली होते. त्यातले बरेच जण पुढे व्हॅल्युअर झाले. आता या व्हॅल्युअर लोकांबद्दल मला मनसोक्त लिहायचंय, कारण माझा संबंध त्यांच्याशी आला.

व्हॅल्युअर हा प्राणी मुळात टॅक्समुळे जन्माला आला. 1953 चा इस्टेट ड्यूटी कायदा, 1957 चा संपत्तीकर. मेलेल्या माणसाच्या आणि जिवंत माणसाच्याही घराची किंमत सरकारला हवी होती. 1968 मध्ये दिल्लीत इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स निघाली. 1972 मध्ये कायदा दुरुस्त होऊन नोंदणीकृत व्हॅल्युअर ही सरकारी ओळख आली. सरकार नोंदणी द्यायचं. पण काम कसं करावं हे सरकार शिकवत नव्हतं. ते शिकणं संघटनेच्या सभांमध्ये, वार्षिक परिषदांमध्ये, एकमेकांच्या रिपोर्टांवर भांडून व्हायचं.

भांडण कशावरून ते सांगतो. आपल्याकडे पोळीतलं जुनं तीनमजली घर. खाली दोन भाडेकरू, विलीनीकरणानंतर इथे लागू झालेल्या मुंबईच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याखालचे. समजा दोघांचं मिळून भाडं महिना 40 रुपये. वर्षाचे 480. संपत्तीकराच्या नियमाने त्यातून 15 टक्के म्हणजे 72 वजा, नगरपालिकेचा कर समजा 28 वजा. उरले 380. 1989 पासूनच्या परिशिष्टाप्रमाणे मालकीच्या जमिनीवरचं घर असेल तर याला साडेबाराने गुणायचं. भाड्याने दिलेल्या भागाची किंमत आली 4,750 रुपये! त्याच घरावर मुलाच्या कारखान्यासाठी कर्ज हवं म्हणून मालक बँकेत आला की तोंडाने सांगायचा लाखांचा आकडा. आणि घर विकायचं ठरलं तर दस्तऐवजात तिसराच आकडा, कारण उरलेली रक्कम रोख. एक घर, तीन किमती. यातली बँकेला कुठली हवी? कर्ज बुडालं तर भाडेकरूंसकट ते घर कोण आणि कितीला घेईल, ती. म्हणजे चौथीच.

ही चौथी किंमत कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती माणसांच्या डोक्यात होती. वाडीतला भाव एकाला माहीत, कारेलीबागेतला दुसऱ्याला, मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या जमिनीचा तिसऱ्याला. नव्वदीच्या सुरुवातीला मी सयाजीगंजमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांच्या संध्याकाळच्या सभांना जायला लागलो. यादीत साठ-सत्तर नावं, यायचे वीस-पंचवीस. भरूच-आणंदहून येणारे वेळेवर असायचे, गावातले उशिरा. शेव-उसळ झाली की खरी सभा सुरू व्हायची. एक जण आपला रिपोर्ट नावं झाकून वाचणार आणि बाकीचे त्याची चिरफाड करणार. "तुमने भाडुआत जोया हता?" "जोया नथी, मालिके कह्युं." यावर हशा आणि मग बोलणी.

आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर होते, सगळे त्यांना काका म्हणत. धोतर नाही, पण काळी टोपी शेवटपर्यंत. खिशात कापडी टेप. मला म्हणायचे, "अरे, तुमच्या बँकेचा फॉर्म चांगला आहे, पण फॉर्मला पाय नाहीत. जाऊन बघायला पाय लागतात." त्यांच्याकडे एक लांब वही होती, गल्लीवार लिहिलेली. कुठलं घर खरोखर कितीला गेलं, रोख धरून. ती वही ते सभेत उघडून ठेवायचे, कोणीही बघावी. त्या बदल्यात प्रत्येकाने आपल्याला माहीत असलेला एक तरी व्यवहार सांगायचा. नाही सांगितला तर काका वही मिटायचे. माझ्या मते तो खरा प्रवेश-फीचा नियम होता. वर्गणी नुसती नावाला.

जे कधीच येत नसत त्यांचे रिपोर्टही माझ्या टेबलावर यायचे. ओळखता यायचे. इमारतीचं वय नेहमी गोल आकडा, भाडेकरूंचा रकाना रिकामा, आणि किंमत मागितलेल्या कर्जाच्या बरोब्बर दीडपट. कोणी म्हणेल, बँकेचा माणूस सगळ्यांकडेच संशयाने बघतो. बघतो खरा. ठेवीदाराचे पैसे असतात ना.

26 जानेवारी 2001 ला भूकंप झाला. केंद्र कच्छात, पण 200 किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. त्यातल्या कितीतरी दहा-पंधरा वर्षांच्यासुद्धा नव्हत्या. खाली पार्किंगसाठी मोकळे खांब, वर भिंतींचे मजले. खांब तुटले आणि वरचं सगळं खाली आलं. बडोद्यातही लोक त्या सकाळी झेंडावंदनातून रस्त्यावर धावले. त्यानंतरच्या व्हॅल्युअर लोकांच्या सभेला हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. जे वर्षानुवर्षं यादीत होते ते पहिल्यांदा खुर्चीवर दिसले. तोवर रिपोर्टमध्ये जमीन आणि चौरस फुटाचा भाव, संपलं. त्या रात्री विषय एकच : ज्या फ्लॅटला आपण किंमत लावतो तो उभा राहणार आहे का, हे आपण बघतो का? स्ट्रक्चरल इंजिनिअरना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी फळ्यावर मोकळ्या खांबांचा मजला काढून दाखवला. एका तरुण सभासदाने सरळ विचारलं, "हे आम्ही लिहिलं तर कर्ज नामंजूर होईल आणि बिल्डर आम्हाला परत बोलावणार नाही. मग?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ठरलं की सगळ्यांनीच लिहायचं. एकट्याने लिहिलं तर त्याचं काम जातं, पंचवीस जणांनी लिहिलं तर बिल्डर जाणार कुठे? पुढच्या महिन्यापासून आमच्या शाखेत येणाऱ्या रिपोर्टांत खांबांचा एक परिच्छेद दिसायला लागला. सगळ्यांच्या नाही, पण येणाऱ्यांच्या. 2002 मध्ये भूकंपाच्या मानकात, आयएस 1893 मध्ये, अशा कमकुवत मजल्याबद्दलची तरतूद सविस्तर आली. हॉलमधला ठराव त्याआधीचा होता, एवढं नोंदवून ठेवतो.

बिल्डरांच्या संघटनांबद्दल थोडक्यात. नारेडको 1998 ची, क्रेडाई 1999 ची. त्यांच्या परिषदा मोठ्या, जेवण उत्तम, मंत्री हजर. तिथे सभासद येतात ते बहुधा सरकारकडे मागणी मांडायला. त्यात गैर काही नाही. पण वही उघडून खरा भाव सांगणारा मला तिथे भेटला नाही. 2016 चा रेरा कायदा आल्यावर ग्राहकांच्या बाजूलाही सभासदत्व आलं. त्यातलं एक कलम घर घेणाऱ्यालाच सांगतं की संघ स्थापन करण्यात तू भाग घ्यायचा आहेस. घर घेणाऱ्याला सभेला जा म्हणून कायद्याने सांगावं लागलं. तालमकींना मौज वाटली असती.

व्हॅल्युअर लोकांचं पुढे काय झालं? संपत्तीकर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. त्यांच्या जन्माचं कारणच संपलं. पण तोवर बँका, दिवाळखोरीची प्रकरणं, कंपन्या यांना त्यांची गरज पडू लागली होती. 2017 च्या नियमांनी कंपनी कायद्याखालच्या कामासाठी नवी व्यवस्था आली : मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं सभासदत्व सक्तीचं, 50 तासांचं शिक्षण, मग परीक्षा. मघाशी आर्किटेक्टांचा ऐच्छिक-सक्तीचा फरक सांगितला तो इथे बघा. जी गोष्ट काका वही मिटून साधत, ती आता नियमाने साधायची आहे. सक्तीमुळे निदान शिकलेला माणूस येतो हे मला मान्य आहे. पूर्वी नुसता अनुभव पुरायचा आणि अनुभवाच्या नावाखाली काय काय चालायचं ते मी पाहिलंय. इथून तासाभरावर वल्लभ विद्यानगरला व्हॅल्युएशनची पदव्युत्तर पदवी मिळते, तिथली मुलं-मुली गणितात काकांपेक्षा नक्कीच पुढे आहेत.

अडचण दुसरीकडे आहे. व्याख्यानं आता बरीचशी ऑनलाइन. मला एका ओळखीच्याने मागच्या वर्षी लिंक पाठवली म्हणून बसलो. भरपूर नावं, कॅमेरे बंद. वक्त्याने शेवटी विचारलं, काही प्रश्न? एक प्रश्न आला : हजेरीचं सर्टिफिकेट कधी मिळेल?

आणि भाव? 2011 ची जंत्री 12 वर्षं तशीच राहिली, मग 15 एप्रिल 2023 पासून सरकारने एका फटक्यात जमिनीचे दर दुप्पट केले. त्या 12 वर्षांत बडोद्यातला कुठला रस्ता किती चढला आणि कुठला उतरला, हे जंत्रीत नव्हतं. काकांच्या वहीसारखी वही कोणी ठेवली असेल तर त्याच्याकडे असेल.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं बाबाजीपुऱ्यातलं घर विकलं, मुलं बाहेर आहेत. वही कुठे गेली ते मुलांनाही माहीत नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागात कोणाच्या माळ्यावर लांब बांधणीची, गल्लीवार नावं आणि पेन्सिलीतले आकडे असलेली वही सापडली तर रद्दीत टाकू नका, मला कळवा. तसंच सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट मंडळींच्या सभांची निमंत्रणं, फोटो कोणाकडे असतील तर खाली टाका. फोटोतली नावं ओळखायला मी आणि आमचे दोन-तीन समवयस्क अजून आहोत.