गळका नळ आणि आडनाव : भाड्याच्या खोलीचा कायदा कुणासाठी?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला लागलेला आपला तरुण नाशिकमध्ये खोली शोधायला निघतो, तेव्हा त्याला भाडे परवडेल का हे नंतर विचारतात. पूर्ण नाव आधी विचारतात. आडनाव कळल्यावर खोली 'कालच दिली गेलेली' असते. शेवटी कुठेतरी खोली मिळते आणि तो गप्प बसायला शिकतो. नळ गळतो, पावसाळ्यात भिंत ओल धरते, पंख्याचे बटण जळते. मालकाकडे गेले तर उत्तर ठरलेले : "राहता तुम्ही, तुम्हीच बघून घ्या." अशी गाऱ्हाणी घेऊन मुले बैठकीनंतर आमच्याकडे येतात आणि हळू आवाजात सांगतात. आम्हाला खटकतो तो हा हळू आवाज.

डागडुजी कुणी करायची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गावगाड्यात चावडीची आणि गावकुसाची डागडुजी महारांच्या माथी होती. ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नाही, तीच भिंत लिंपायची! मोबदला म्हणजे तुटपुंजे वतन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते काम आणि मोबदला यांचा हिशेब कागदावर यावा म्हणून.

भाडेकरू म्हणून स्वतः बाबासाहेबांनी काय भोगले, हे आपण सगळे जाणतो. १९१७ साली बडोद्यात ते परदेशातून शिकून आले, नोकरीवर रुजू झाले आणि पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर आला. पैसे वेळेवर दिले जात होते, खोलीचे काही नुकसान झाले नव्हते, तरी बाहेर काढले. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांची वर्षानुवर्षे गेली. ती चाळ प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टची होती, म्हणजे मालक सार्वजनिक संस्था होती. खाजगी मालकाच्या दारात आडनाव आडवे येते, तिथे सार्वजनिक घरांचे मोल काय असते ते यावरून कळावे.

आता कायद्याकडे येऊ. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात कलम २३ होते, तेच आज महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम १४ म्हणून आहे. घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत काम झाले नाही, तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. एका वर्षात असा वळता करायचा खर्च त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. भाडेकरूंनी मिळूनही दुरुस्ती करता येते, आणि त्यांनी पावत्यांसह ठेवलेला हिशेब मालकावर बंधनकारक असतो. कलम चांगले आहे. पण त्यात एक पाचर आहे : 'विरुद्ध करार नसेल तर'. मालकाने करारात 'सर्व दुरुस्ती भाडेकरूकडे' एवढी ओळ घातली आणि तुम्ही सही केलीत, की कलम निकामी.

आणि त्या एक-चतुर्थांशाचे गणित पाहा. जुन्या कायद्यात भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले होते. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात महिना तीस रुपये भाडे असेल, तर वर्षाचे ३६० आणि चौथा हिस्सा ९० रुपये. नव्वद रुपयांत सिमेंटची गोणीही येत नाही. मालक म्हणतो भाडे परवडत नाही, भाडेकरू म्हणतो घर माझे नाही, आणि मधल्या मधे भिंत ढासळते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. तीस रुपयांवर चार टक्के म्हणजे सव्वा रुपयाच्या आतच!

मुंबई शहरात जुन्या इमारतींसाठी उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ १९६९ च्या कायद्याने आले. नाशिकच्या वाट्याला तसे मंडळ नाही. इथे महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि तरीही वाडे पडतात. ज्या पंचवटीत १९३० साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह लढवला, तिथेही हे जुने वाडे आहेत. त्यांत अडकलेला गरीब भाडेकरू कोणत्याही जातीचा असो, त्याच्या बाजूने बोलायला आम्हाला संकोच नाही.

आपली मुले मात्र बहुतेक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. कायद्याच्या भाषेत ती भाडेकरूच नाहीत, परवानाधारक आहेत. कलम १४ 'भाडेकरू'ला हक्क देते. महिना आठ हजार देणाऱ्याच्या वर्षाच्या ९६ हजारांचा चौथा हिस्सा २४ हजार होतो, त्यात न्हाणीघर नवे होईल. पण हा हक्क त्याला नाही. जिथे हक्क आहे तिथे रक्कम नाही, जिथे रक्कम आहे तिथे हक्क नाही. मुदत संपल्यावर राहिला तर दुप्पट रक्कम मात्र त्याच्याकडून वसूल होते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात कामांची वाटणी दिली आहे. भिंती-छताची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, नळाच्या पाइपा आणि विजेची वायरिंग मालकाकडे. नळ व त्याचा वॉशर, बटणे, कुलपे, खिडकीची काच, मोरी साफ करणे भाडेकरूकडे. वाटणी आम्हाला ढोबळमानाने पटते. वॉशरसाठी मालकाशी भांडू नका, तो आपण बदलावा. पण तो केवळ नमुना आहे, राज्याने कायदा केल्याशिवाय त्याला धार नाही. तोवर हीच वाटणी करारात लिहून घ्यायला कुणाची आडकाठी आहे?

करार नोंदवणे ही कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. लिव्ह अँड लायसन्सलाही ते लागू आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे ते बहुधा घरमालकच असतात.

सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दलित आणि मुस्लिमांना दार कसे बंद होते ते दाखवले. नाशिकचा असा अभ्यास आपणच का करू नये? खोली कुठे नाकारली, काय कारण दिले, दुरुस्तीचे किती पैसे कुणी भरले, एवढे एका वहीत मांडायचे. सातपूर, सिडको आणि नाशिकरोडच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागाची एकेक वही सुरू करावी. खोलीत पाऊल टाकाल त्या दिवशी भिंतींचे, नळांचे, बटणांचे मोबाइलवर फोटो काढून मालकालाच पाठवा. पुढची तक्रारही तोंडी नको, लेखी करा. पावती फेकू नका.